दिलेला शब्द

सरकीचा वास आला की मला खामगावची ती बंद पडलेली कापसाची जिनिंग मिल आठवते. पुरात घरं गेलेली कुटुंबं तिथे राहत होती आणि त्यांचं दुःख ऐकून घ्यायला मी त्यांच्यातल्याच बायांना शिकवत होते. एका दुपारी आमच्या संस्थेच्या साहेबांनी त्या बायांपैकी एकीची नोंदींची वही मागितली. कोण काय सांगून रडलं, ते त्यांना नावानिशी अहवालात हवं होतं. मी घाबरून म्हणाले, "देऊन टाका." तिने वही छातीशी धरली. "कोनाले सांगनार नाई, असा शब्द देल्ला म्या त्यायले. तुमीच शिकवलं ना, ताई?" साहेब म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." ती म्हणाली, "मी तं इथंच राह्यते, साहेब." मला लाज वाटली, मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. वही काही साहेबांना मिळाली नाही. आता नव्या बायांना मी पहिल्याच दिवशी सांगते, की शब्द मोडायला मी सांगितलं, तर माझंही ऐकायचं नाही.