रिकामी सुई

टेलरबाईंनी आठव्या महिन्यातही मशीन थांबवलं नव्हतं. पोट आडवं यायचं, तर त्या तिरक्या बसून पायडल मारायच्या. स्वतःचाच धंदा, मग रजा मागायची कोणाकडे? आरशातल्या बाईकडे?

अशात कळलं, की असा धंदा करणाऱ्या आयांनाही आता सरकारी बाळंतपणाचा भत्ता मिळतो. अट एकच, तेवढे दिवस काम पूर्ण बंद. टेलरबाईंचा जीव भांड्यात पडला. जन्मात पहिल्यांदाच त्या काहीही न शिवता नुसत्या आई होणार होत्या. बाळ झालं, दारावर 'काम बंद' अशी पाटी लागली, मशीनवर चादर पडली.

आणि बाळाने घर डोक्यावर घेतलं. सासूबाईंनी खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या, गाणी म्हटली. गडी काही ऐकेना. शेवटी एका दुपारी नवऱ्याने वैतागून चादर ओढली आणि सुईत दोरा न ओवताच पायडल मारायला सुरुवात केली. ज्याला साधं बटण लावता येत नव्हतं, तो! खडखड सुरू झाली आणि बाळ गप्प. पोटात असल्यापासून त्याची अंगाई हीच होती. मग रोज तेच. नवरा मशीन चालवी, बाळ झोपे, बाईंना जरा पाठ टेकता येई.

भत्त्याच्या कार्यालयातले साहेब तपासणीला आले तेही नेमके अशाच वेळी.

"काम चालू आहे म्हणायचं."

"अहो, सुईत दोरा तरी आहे का बघा!" टेलरबाई म्हणाल्या. "बाळ झोपत नाही त्याशिवाय."

"मशीन चालू आहे की नाही?"

"आहे, पण..."

"मग झालं तर."

नवऱ्याने घाईघाईने पाय थांबवला. बाळाने लगेच भोकाड पसरलं. "ऐकलंत?" सासूबाई म्हणाल्या.

"मुलं सगळ्यांचीच रडतात, आजी," असं म्हणत साहेबांनी चपला घातल्या.

भत्ता बंद झाला. टेलरबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"दार तरी लावून घ्यायचं होतंस!" त्या नवऱ्यावर खेकसल्या.

"लावलं असतं तर चोरून काम करतो म्हणाले असते."

ते खरंच होतं, म्हणून त्यांना जास्तच संताप आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटी उतरवली. कंबर अजून धरलेली होती, तरी मशीनवर बसल्या आणि सुईत दोरा ओवला. रजा संपून नवरा कामावर गेला होता, सासूबाई बाजारात. पहिलं गिऱ्हाईक दारात उभं होतं, तेवढ्यात बाळ भुकेने रडायला लागलं.

"आले रे राजा, एवढी शिवण होऊ दे," म्हणत बाईंनी पायडल जोरात मारलं.

खडखड ऐकून बाळ भुकेलंच झोपी गेलं.