उजव्या कानातलं उत्तर

बिनवायरीच्या हेडफोनचा उजवा बोळा मुका झाला तेव्हा माझ्या दहा मुलाखती टाइप करून झाल्या होत्या आणि अकरावी नुकतीच उघडली होती. त्या कानात घालायच्या इवल्याशा वस्तूंना मी बोळेच म्हणायची. डबीत ठेवलेले दोन बोळे, डबीला एक बटण आणि बटणाशेजारी मिणमिणता दिवा. पुढचे आठ दिवस त्या दिव्यानं माझं डोकं खाल्लं.

काम होतं पुण्याच्या एका संस्थेचं. गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशी खायला सुरुवात करून तोवर काही वर्षं झाली होती. संस्थेच्या मुली आमच्या बुलढाणा जिल्ह्यात गावोगाव फिरून कापूसवाल्यांच्या मुलाखती रेकॉर्ड करत होत्या. पुण्यात त्या टाइप करायला दिल्या, तर तिथं भाषाच कळेना. ‘मी दिवसभर फवारून राह्यलो’, म्हणजे फवारत होतो, याचं त्यांनी ‘मी फवारणी करून दिवसभर तिथेच राहिलो’ असं केलं. ‘बोंडात अयी निंगाली’, म्हणजे अळी निघाली, याचं ‘बोंडात आई निघाली’. मग वऱ्हाडातलंच कुणी पाहिजे अशी शोधाशोध झाली, आणि मराठीत एम.ए. करून खामगावला सासरी शिकवण्या घेत बसलेली मी त्यांना सापडले.

संस्थेच्या मॅडमनी नियम सांगितले होते. रेकॉर्डिंग मोठ्यानं लावायचं नाही. ज्या फोनमध्ये ते आहे तो बाहेरच्या कुणाच्या हातात द्यायचा नाही. बोलणारा जसा बोलला तसंच लिहायचं. मुलाखतींना नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. विचारणारीला एक माइक आणि सांगणाऱ्याला दुसरा, त्यामुळे प्रश्न डाव्या कानात यायचा आणि उत्तर उजव्या. दहा मुलाखती मी अशा ऐकल्या होत्या. डावीकडून पुण्याची मुलगी, उजवीकडून आपला माणूस.

आणि आता उजवीकडे काहीच नाही.

“पहिल्यांदा अळी कधी दिसली?” डाव्या कानातली मुलगी म्हणाली. उजवीकडे शांतता. बराच वेळ गेल्यावर डावीकडून, “अच्छा. मग?”

मी दोन्ही बोळे काढले, पुसले, परत घातले. उजव्याच्या जाळीत मळ असेल म्हणून जुन्या टूथब्रशनं घासला. डबीत ठेवून चार्ज केला. डबीबरोबर आलेला कागद उलगडला, तर त्यावर मुंगीएवढ्या अक्षरात इंग्रजी आणि त्याखाली चिनी. इंग्रजीत लिहिलं होतं की दोन्ही बोळे डबीत ठेवा, बटण दहा सेकंद दाबा, दिवा लाल-निळा झाला की रिसेट झालं समजा. मी दहा सेकंद दाबलं. दिवा नुसता लाल झाला. पंधरा सेकंद दाबलं. दिवा विझला. मोबाईलवर एक व्हिडिओ सापडला, त्यातला माणूस हिंदीत सांगत होता की बटण पाच-पाचदा दाबायचं. दाबलं. एकदाचा लाल-निळा झाला. फोनमधून जुनी जोडणी पुसून टाकली, नवी केली. कानात एक बाई इंग्रजीत बोलली, “कनेक्टेड.” एवढ्या ठासून बोलली की मला वाटलं झालं काम.

“अच्छा. मग?” डावीकडून. उजवीकडे शांतता.

आमच्या घराच्या मागं जिनिंग आहे. हंगामात रेच्यांचा, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांचा आवाज दिवसभर भिंतीतून येतो, त्यामुळे फोन हळू लावून कानाशी धरला तरी काही कळत नाही. वायरचा जुना हेडफोन होता, पण नव्या फोनला त्याचं भोकच ठेवलेलं नव्हतं. हे भोक कुणी आणि कशासाठी काढून टाकलं, याचा मी त्या आठवड्यात मनापासून विचार केला आणि त्या माणसाला नको नको ते बोलले.

दुसऱ्या दिवशी बोळ्यांची डबी घेऊन बाजारातल्या मोबाईलच्या दुकानात गेले. फोन घरीच ठेवला होता, सासऱ्यांजवळ. दुकान एका मुसलमान काकांचं. त्यांचे आजोबा गाद्यांचा कापूस पिंजायचे, वडील रेडिओ दुरुस्त करायचे आणि हे मोबाईल. त्यांनी बोळे आपल्या फोनला जोडले, दोन्ही स्वतःच्या कानात घातले, मान डोलावली आणि काढून माझ्या हातात दिले.

“ताई, चांगले तं वाजून राह्यले.”

“उजवा बंद आहे हो.”

“घाला ना कानात.”

मी घातले. दोन्ही कानांत खणखणीत बातम्या. घरी आले, माझ्या फोनला जोडले. उजवा बंद.

असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी काका म्हणाले, “ताई, मशीनमंदी काई नाई. फोन द्या, फोन पाहतो.”

फोन माझ्या पर्समध्येच होता. पण नियम होता ना! “फोन देता येणार नाही,” मी म्हणाले. “त्यात कामाचं आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दुकानात बसलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं आणि म्हणाले, “मग काय तुमचा हात पाहून सांगू?”

मी तरातरा निघून आले. रागानं कानशिलं तापली होती आणि राग नेमका कुणावर ते कळत नव्हतं.

इकडे मॅडमचे फोन सुरू झाले. “अकरा नंबर कधी येतोय? आज संध्याकाळपर्यंत द्या हं, उद्या आमची मीटिंग आहे.” मी सांगायला हवं होतं की हेडफोन बिघडलाय. पण आधीच त्यांना वाटायचं की या गावाकडच्या बायकांना यंत्रातलं काय कळणार. ते मला माझ्या तोंडानं कबूल करायचं नव्हतं.

दुपारी फोन आणि वही घेऊन बसले. डाव्या कानातले प्रश्न पुन्हा ऐकले. पहिल्यांदा अळी कधी दिसली? अच्छा, मग? हे तुम्ही स्वतःच ठरवलं? आणि घरचे? इथं मुलगी मोठ्यानं हसत होती. मग, किती वेळा? बाप रे. मग आता काय पेरलंय?

दहा जणांनी मला याच प्रश्नांची उत्तरं दिली होती. सगळ्यांची जवळजवळ सारखीच होती. आणि मी लिहिलं. अळी गणपतीच्या सुमारास दिसली. मग औषध फवारलं. हो, मीच दुकानातून आणलं. घरचे म्हणाले, अजून एक डाव मारून पाह्य. चार वेळा फवारलं. वावरात गेलो की नुसती कवडी दिसे, म्हणजे अळीनं खाल्लेला पिवळा, चिकटलेला कापूस. ‘कापूस येचाले गेलो अन् हाती कवडी आली’ असं एक वाक्यही घातलं. ते मला फार चांगलं वाटलं. शेवटी, हरभरा पेरला. मुलगी का हसली असेल याला काही जागा सापडेना, म्हणून तिचं हसणं गाळून टाकलं.

आवाज मोठा करायचा नाही, हा नियम मी शेवटपर्यंत पाळला. खोटं लिहायचं नाही असा नियम काही त्यांनी सांगितला नव्हता. कुणी कशाला सांगेल?

पाठवून दिलं. रात्रभर बरं वाटलं नाही. सकाळी उठून डबी आणि फोन दोन्ही घेतले, सरळ दुकानात गेले आणि फोन काकांपुढे ठेवला. “पाहा. पण दुसरं काही उघडू नका.”

“मले काय करायचं उघडून?” काका म्हणाले. सेटिंगमध्ये गेले. मिनिटभर बोट फिरवलं आणि थांबले. “घरात कोनी अक्षरं मोठी केली काय?”

अक्षरं मोठी झालेली मलाही दिसली होती. आठवडाभर मी त्यावरही चिडलेली होते. पण त्याचा आणि कानाचा काही संबंध असेल असं डोक्यात आलं नव्हतं.

“हे पाहा,” काका म्हणाले. अक्षरं मोठी करायच्याच पानावर खाली आवाजाची एक रेघ होती, डावं-उजवं अशी. तिच्यावरचा ठिपका पार डावीकडे जाऊन बसला होता. “कोनाचा अंगठा लागला. फोननं उजव्या कानाले आवाज देनंच बंद केलं. मशीन बिचारी काय करन?”

त्यांनी ठिपका मधे आणला. काम संपलं. मी बोळे डबीत घातले, डबी मुठीत घट्ट धरली आणि तडक घरी आले.

सासरे ओसरीवर पेपर वाचत होते. ते जन्मभर जिनिंगमध्ये फिटर होते. रेच्यांच्या आवाजानं ऐकू कमी यायला लागलेलं, म्हणून त्यांच्याशी मोठ्यानंच बोलावं लागतं. त्या दिवशी मुद्दाम मोठ्यानं बोलायची गरजच पडली नाही.

“मामाजी, माझ्या फोनमधली अक्षरं तुम्ही मोठी केली?”

“हाव,” ते खूश होऊन म्हणाले. “मले कापसाचा भाव दिसेच ना. म्या शोधून शोधून काढलं. तुले बी बरं झालं ना, पोरी?”

“बरं? आठ दिवस झाले मामाजी! आठ दिवस मी तो हेडफोन घासतेय, दाबतेय, दुकानात खेटे घालतेय!”

ते गांगरले. “मंग सांगतलं काऊन नाई? म्या पाह्यलं असतं.”

मी आत गेले, दार लावलं आणि अकरा नंबर लावला.

“पहिल्यांदा अळी कधी दिसली?” डावीकडून. आणि उजवीकडून एका बाईचा आवाज आला.

मला आधी वाटलं, चुकीची फाइल लागली. मागं नेऊन पुन्हा लावली. बाईच होती. लोणारकडची, दमदार आवाजाची, पन्नाशीची असावी. मी तिच्या तोंडी ‘वावरात गेलो’ घातलं होतं. मुलगी ‘तुम्ही’ म्हणत होती, आणि ‘तुम्ही’वरून बाप्या की बाई काही कळत नाही. पण बाई असेल असा विचार मला एकदाही शिवला नव्हता. मी स्वतः बाई आहे.

“पोयाच्या टायमाले दिसली,” ती सांगत होती, म्हणजे पोळ्याच्या वेळी. “बोंड वरून साजरं अन् फोडलं तं आतमंदी अयी. मंग म्या इचार केला, इले औषध पोचतेच कुठं? पऱ्हाटी उपटून टाकली. सारी.”

“हे तुम्ही स्वतःच ठरवलं?”

“मंग? दुसरं कोन ठरवते?”

“आणि घरचे?”

“माहा मानूस वावराच्या धुऱ्यावर बसला अन् म्हने, उभ्या पिकाले हात लावला तं मी घर सोडून जाईन. गेला बी. कुठं गेला? माह्याच मायबापाच्या घरी!”

इथं पुण्याची मुलगी हसली. मीही हसले, आणि हसता हसता माझा चेहरा गरम झाला.

“किती वेळा?”

“तीन डाव गेला. तीनही डाव माह्या मायनं जेवू घातलं अन् वापस धाडला.”

“बाप रे. मग आता काय पेरलंय?”

“हरबरा. त्याले बी घाटे अयी हाय, नाई असं नाई. पन ते डोयाले दिसते तरी.”

हरभरा एवढा एक शब्द माझा बरोबर आला होता.

मॅडमना फोन लावला. “मॅडम, अकरा नंबरची उत्तरं मी लिहिलेली आहेत.”

“हो, मिळाली की. छान झालीयत.”

“नाही, म्हणजे मीच लिहिलेली आहेत. माझ्या मनानं.”

“सगळी?”

“सगळी. हरभरा सोडून. आणि ती बाई आहे.”

“कोण बाई आहे?”

“शेतकरी.”

मी हेडफोनचं, ठिपक्याचं, सासऱ्यांच्या अंगठ्याचं सांगायला लागले आणि माझं मलाच ते इतकं बावळट वाटलं की मधेच गप्प झाले. मग त्या म्हणाल्या, “ते कवडीचं वाक्य मी आत्ता सकाळी मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. सगळ्यांना फार आवडलं.”

मला कुठं तोंड लपवू असं झालं.

“तुम्ही आधीच्या दहा पुन्हा ऐका,” त्या म्हणाल्या. “एकेक शब्द. आणि खरी अकरावी आजच पाठवा. मीटिंगमधल्या लोकांना मी सांगते काय सांगायचं ते.” आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला परत चिडता तरी आलं असतं.

अकरावी मी तासाभरात पाठवली. मग दहा मुलाखती पहिल्यापासून ऐकल्या. चार दिवस लागले. मागं जिनिंग चालूच, आणि दारात सासरे दर दोन तासांनी येऊन विचारायचे, “दोन्हीकून येते ना आवाज?” मी मानेनंच हो म्हणायची.

मनानं लिहिलेलं त्या दहांत काही नव्हतं. पण तिसऱ्या मुलाखतीत एक जण मुलीच्या शाळेबद्दल बोलता बोलता मधेच खोकला आणि पुढं बोललाच नाही. तिथं मी त्याचं वाक्य पुरं करून ठेवलं होतं, ‘तिची शाळा सोडवा लागली’ असं. तो तसं म्हणाला नव्हता. पुन्हा तीनदा ऐकलं. ‘तिची शाळा’ एवढंच होतं, आणि खोकला. मी बाकीचं खोडलं, कंसात ‘खोकतात’ असं लिहिलं आणि दुरुस्त फाइल पाठवली.

संस्थेनं उरलेल्या मुलाखती मला दिल्या, पण दर मुलाखतीनंतर पुण्यात कुणीतरी मी टाइप केलेलं रेकॉर्डिंगशी ताडून पाहायचं आणि ‘हा शब्द नक्की काय?’ असे दहा-दहा प्रश्न पाठवायचं. मला त्याचा वैताग यायचा. उत्तरं मात्र मी सगळ्यांची देत गेले, प्रत्येक वेळी ती जागा पुन्हा ऐकून.