पाण्याबाहेर आलेलं झाकण

टँकरचं झाकण पाण्याबाहेर आलं तसा मी हात वर केला. थांब.

"आता काय झालं, फौजी काका?" टँकरमालक भाऊसाहेब ओरडले. "आलाय की वर! वढा!"

मी फौजी नाही, नेव्हीचा. पण पाचोडकडं वर्दी खाकी असो की पांढरी, सगळे फौजीच. सांगून सांगून तोंड दुखलं, आता सोडून दिलं.

सकाळी विहिरीवर भरलेला टँकर ट्रॅक्टरची पिन तुटून मागं घरंगळला आणि थेट विहिरीत गेला. तो काढायला आलेल्या हायड्रावाल्या रफिकनं मला पडेगावहून बोलावलं. हायड्रा म्हणजे पुढं बूम, लांब लोखंडी हात, असलेली चाकांची क्रेन. रफिकची ही एकच हायड्रा, तिच्यावरच घर चालतं.

"काका, मागची चाकं हलकी लागायलीत, मशीन पुढं झुकायलीय," रफिक केबिनमधून म्हणाला.

माझं उभं आयुष्य नेव्हीच्या एका जहाजावर गेलं. बुडालेल्या बोटी, माल वाहणारे सपाट बार्ज वर काढायचं काम. वस्तू पाण्याखाली असताना आतल्या पाण्याचं वजन क्रेनच्या वायरला जाणवत नाही. वस्तू बाहेर यायला लागली की तेच पाणी वायरला लटकतं. म्हणून वरचा भाग दिसला की थांबायचं, पंप लावायचा, पाणी काढायचं, मग उचलायचं.

एकदा मी थांबलो नाही. बार्जची केबिन दिसली, डेकवर टाळ्या पडल्या. सिग्नल माझा होता. मीही येड्यासारखा हसत उभा राहिलो, हात वर करायला उशीर झाला. वायर तुटली ती माझ्या जोडीच्या नायरच्या पायावर आदळली. आजही त्याला फोन केला की लाज वाटते.

"भाऊसाहेब, आत पाच हजार लिटर आहे. म्हणजे पाच टन. बूम एवढा लांब टाकल्यावर ही क्रेन ते पेलणार नाही. मोटार आणा, पाईप झाकणातून आत सोडा."

"अन् गावाला पाणी कवा पोचवू? लई टाइम घालवायलात तुमी!"

"मशीन आत गेली तर त्याला दुसरी घेऊन देता का?"

त्यांनी माणूस पिटाळला. मोटार आली. टँकरमधलं पाणी परत विहिरीत पडत राहिलं. मी गुडघे धरून दगडावर बसलो. ऊन, डिझेलचा वास, बघ्यांचे सल्ले. खरं सांगतो, या कामाचा आता कंटाळा आलाय. रफिक मात्र तासभर केबिनमधून उतरला नाही.

मग मी अंगठा वर केला. टँकर अलगद आला, जमिनीवर टेकला. मागची चाकं जागची हलली नाहीत. रफिक खाली उतरला, माझा हात धरला. त्याचा तळहात घामानं चिंब होता.

भाऊसाहेबांनी टँकरवर थाप मारली. आतून पोकळ आवाज आला.

"हात्तिच्या! रिकामा तर हाय," ते लोकांकडं बघत म्हणाले. "रिकामा टँकर उचलायला एवढा वेळ?"

आमच्या धंद्यात काम नीट झालं की असंच ऐकायला मिळतं. नायरच्या वेळी मात्र घाई का केली, असं कुणीच विचारलं नव्हतं.