रमीचं नाव

वडपाड्याच्या चर्चमध्ये दलपत मास्तर टेबलामागे नाही, दाराजवळ उभे राहून उपदेश करायचे. नवापूरहून कुणी पाहुणा आला की त्याची मान अवघडायची, कारण तोंड करून बसावं पुढं आणि आवाज यावा मागून. पाहुण्यानं कारण विचारलं की आमची माणसं सांगायची, मास्तरांना तिथं वारा लागतो. साफ खोटं. मास्तरांना वाऱ्याचं काही पडलेलं नव्हतं.

दलपत गावित आठवडाभर मिशनची शाळा चालवायचे आणि रविवारी चर्चची मंडळी, म्हणून सगळ्या पाड्याला ते मास्तरच. अंगानं काटकुळे, पण आवाज असा की नाल्यापलीकडच्या म्हशी मान वर करायच्या. धाडसी म्हणून त्यांचं नाव होतं. जंगल खात्याच्या एका शिपायाला पाड्यावरच्या कोंबड्या उचलायची सवय लागली होती, तर मास्तर एका सकाळी त्याच्या मागोमाग नवापूरपर्यंत चालत गेले आणि कचेरीत साहेबासमोर उभे राहून म्हणाले, याच्या पिशवीत आमची कोंबडी आहे, विचारा तिला. कोंबडीनंही नेमकी तेव्हाच साद दिली. शिपाई पुन्हा पाड्याकडे फिरकला नाही. असल्या माणसाला कसली आली भीती, असं सगळ्यांना वाटायचं. मला विचाराल तर शिपायापुढं उभं राहणं सोपं असतं.

आता वहीचं सांगायला हवं, कारण सगळं तिथंच अडलं. तीन महिन्यांतून एकदा प्रभुभोजन असायचं. चर्चची झाडलोट करणारा रेंग्या सकाळीच आंब्याला टांगलेला रुळाचा तुकडा हातोडीनं बडवायचा आणि डोंगराच्या अंगाअंगावरून माणसं उतरायची. तांदळाची भाकर आणि उकळलेल्या मनुकांचा रस टेबलावर झाकून ठेवलेला असायचा. पण आधी मास्तर वही उघडून घरागणिक नावं वाचायचे, आणि ज्याचं नाव येईल त्यानं ‘हजर’ म्हणायचं. आमची घरातली बोली मावची. मराठी काय ती शाळेत, कचेरीत आणि प्रार्थनेत. कितीतरी म्हाताऱ्या जन्मात एकच मराठी शब्द बोलल्या असतील, तो हा, पण काय ठसक्यात बोलायच्या.

ज्याला मंडळीची शिस्त लागली त्याचं नाव वहीतून जायचं. त्यानं चटईवर बसायचं नाही, दाराजवळ उघड्या भुईवर बसायचं, आणि भाकर तिथपर्यंत यायची नाही. क्रिस्ती नसलेल्या घरात सोयरीक केली तर हीच शिक्षा. मंडळीच्या पंचांतल्या दलसिंगच्या पोरानं, रूपसिंगानं, बाजारात भेटलेली परधर्मातली मुलगी बायको म्हणून आणली, तेव्हा मास्तरांनी त्याचं नाव कापलं. दलसिंग दोन दिवस जेवला नाही. मास्तर त्याची समजूत घालायला गेले आणि नियमांवर तासभर बोलून आले. रूपसिंग मात्र चिवट निघाला. दर रविवारी यायचा आणि बायकोला घेऊन दाराजवळच्या भुईवर बसायचा.

मास्तरांना एकच मुलगी होती, रमी. नावं वाचताना तिचा ‘हजर’ सगळ्यात मोठा. दलपत, रेवा, रमी, असा क्रम होता, आणि मास्तर तिचं नाव वाचताना मुद्दाम वहीत डोकं घालायचे, कारण चेहऱ्यावर हसू यायचं आणि टेबलापाशी हसणं त्यांना बरं वाटायचं नाही.

चौपन्न साली कापूस वेचायला पाड्यावरच्या बायका तापीकाठी प्रकाशाला गेल्या, रतिलालभाईंच्या शेतावर. रमीही गेली. तिथं तळोद्यापलीकडच्या डोंगरातल्या पावरा लोकांची टोळी आली होती, त्यात करमसिंग नावाचा एक जवान होता. महिन्याभरानं बायका परत आल्या, रमी आली नाही. मास्तर तसेच प्रकाशाला गेले. रतिलालभाईंनी त्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, “मास्तर, पोर गयी ते गयी. डोंगरना वारा लागना तिले.”

पुढच्या रविवारी मास्तरांनी सगळ्यांसमोर वही उघडली आणि लाल शाईनं रमीचं नाव स्वतःच्या हातानं कापलं. कुणी सांगितलं नव्हतं. पंच तर म्हणत होते, थोडं थांबू, पोर फिरेल माघारी. पण रूपसिंग समोर भुईवर बसला होता, आणि आपल्या पोरीला एक न्याय आणि दुसऱ्याच्या पोराला दुसरा, हे मास्तरांना जमणारं नव्हतं. बाहेर आल्यावर दलसिंगनं त्यांचा हात धरला आणि म्हणाला, मास्तर, तू खरा. गावोगाव मास्तरांचं नाव झालं. त्या कौतुकानं माणूस आतून किती सोलपटला हे एकट्या रेवाबाईला ठाऊक. ती नवऱ्याला एका शब्दानं बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून चटईवर स्वतःच्या शेजारी वीतभर जागा सोडून बसायला लागली.

मास्तर नावं वाचताना रेवाच्या नावानंतर एक श्वास घ्यायचे. एवढासाच, पण सगळी मंडळी तो ऐकायची.

दर साली होळीच्या आधी मास्तरांना तळोद्याच्या बाजारात काम निघायचं. दोर घ्यायचाय म्हणायचे. नवापूरला दोर मिळत नव्हता का? मिळत होता. पण डोंगरातल्या काठी गावच्या होळीच्या तयारीला डोंगरातली माणसं तळोद्याला उतरायची, आणि मास्तर दिवसभर त्या गर्दीत चेहरे बघत उभे असायचे. नाव घेऊन विचारायची छाती व्हायची नाही. चारोळी कशी दिली, एवढं विचारायचे आणि बोलणाऱ्या बाईच्या तोंडाकडे बघत राहायचे. संध्याकाळी दोर खांद्यावर टाकून माघारी. रेवाबाई तो आढ्याला टांगायची आणि म्हणायची, आणखी एक बैल घे आता. घरात बैल एक आणि दोर सात झाले. मास्तरांचा जीव कुठं अडकलाय हे त्या आढ्याकडे बघून कुणालाही कळलं असतं.

एकसष्ट साली पावसाळ्यानंतरच्या प्रभुभोजनाला मिशनचे मोठे पाळक जीपनं आले होते आणि खुर्चीत बसले होते. मास्तर वही उघडणार, तोच दारात सावली पडली. कडेवर मूल, पायात पिंढरीपर्यंत धूळ, गळ्यात पावरा बायकांचे चांदीचे दागिने. रमी. ती आत आली नाही. नियम तिला पाठ होता. रूपसिंगच्या शेजारी भुईवर बसली आणि मूल मांडीवर घेतलं. रेवाबाईच्या तोंडून हुंदका फुटला, पण उठायची हिंमत तिलाही झाली नाही.

मोठे पाळक समजूतदार माणूस होते, वाईट नव्हते. त्यांनी चौकशी केली आणि म्हणाले, मुलीनं उभं राहून चूक कबूल करावी, मंडळी तिला क्षमा करील, आणि नवऱ्याच्या बाप्तिस्म्याचं पुढं बघू. सगळ्यांना सुटका झाल्यासारखी वाटली. मास्तरांना तर तिथंच गुडघे टेकावेसे वाटले.

रमी उभी राहिली. “मी चूक केली असं म्हणणार नाही, बाबा. तो चांगला माणूस आहे,” ती म्हणाली. “मी राहायला आले नाही. रविवार आला की तिथं मला रुळाचा आवाज आठवतो. माझं नाव एकदा तुझ्या तोंडून ऐकायला आले.”

तीन दिवसांची वाट चालून पोर एवढ्यासाठी आली होती. मास्तरांनी वहीकडे बघितलं. लाल रेघेखाली नाव अजून वाचता येत होतं. वाचलं तर दहा वर्षं पाळलेला नियम त्यांच्याच हातानं मोडणार, आणि तोही पोटच्या पोरीसाठी, हे सगळ्या मंडळीला दिसत होतं. नाही वाचलं तर ती उठून जाणार, आणि आता पुन्हा येणार नाही.

“दलपत,” त्यांनी वाचलं आणि स्वतःच हजर म्हणाले. “रेवा.” ती हजर म्हणाली. मग श्वास. “रमी.”

मोठे पाळक म्हणाले, हे नाव वहीत नाही. त्याच वेळी दलसिंग उठला. “माझ्या पोराच्या वेळी कुठं होतास तू?” त्यानं विचारलं. “दहा वर्षं भुईवर बसलाय तो.”

मास्तरांचा तो दांडगा आवाज कुठं गेला कोण जाणे. जेमतेम ऐकू आलं. “तुझ्या पोराच्या वेळी मला दुखलं नव्हतं, दलसिंग. म्हणून मला न्याय करता आला.” मग त्यांनी लेखणी घेतली, स्वतःच्या नावावर तीच लाल रेघ ओढली आणि वही रेंग्याच्या हातात दिली. माझा हात आता या भाकरीला लागायचा नाही, म्हणाले. चटया ओलांडून ते दाराजवळ गेले. तिथं जागा नव्हती. रूपसिंगानं त्यांच्याकडे बघितलं आणि बायकोकडे सरकून जागा करून दिली. मास्तर त्याच्या आणि रमीच्या मध्ये उघड्या भुईवर बसले. रमी रडत होती, आणि रडता रडताच म्हणाली, हजर.

त्या दिवशी भाकर झाकलेलीच राहिली. मोठे पाळक जेवण न करता गेले आणि मास्तरांचं काम काढून घेतल्याचं पत्र आठवड्यात आलं. रमी तीन दिवस राहिली. रेवाबाईनं तिला न्हाऊ घातलं, केस विंचरले, नातवाला पोटाशी धरून झोपवलं. जाताना रमीनं आढ्याकडे बघून विचारलं, एवढे दोर कशाला? रेवाबाईनं नवऱ्याकडे बघितलं. मग ती गेली, तिच्या घरी, डोंगरात.

पुढच्या प्रभुभोजनाला नावं रेंग्यानं वाचली, अडखळत. मास्तर भुईवरच होते. वाचून झाल्यावर रेंग्यानं भाकरीचं ताट उचललं आणि पहिल्या चटईकडे न वळता सरळ दाराशी गेला. आधी रूपसिंग, मग त्याची बायको, मग मास्तर. पंचांनी तसं ठरवलं होतं का तो नियम विसरला होता, हे रेंग्यानं कधी सांगितलं नाही. सालभरात पंचांनीच नवापूरला चकरा मारून मास्तरांना परत मागून घेतलं, आणि मास्तरही आले, पण टेबलामागे उभे राहायला तयार होईनात. दाराजवळूनच बोलायचे. वहीतली कापलेली सगळी नावं त्यांनी पुन्हा लिहिली. दलसिंगनं मात्र त्यांच्याशी बोलणं सोडलं ते सोडलंच. पोरगा चटईवर आला तरी गेलेली दहा वर्षं कोण आणून देणार, आणि मास्तरांनीही कधी आता विसर म्हटलं नाही.

रमीला दरवेळी कुठलं यायला जमतंय. दोन सालांत एकदा यायची. एरवी मास्तर तिचं नाव वाचायचे आणि थांबायचे, आणि चटईवरून रेवाबाई पोरीच्या वाटचं ‘हजर’ म्हणायची. शेजारची ती वीतभर जागा तिनं शेवटपर्यंत मोकळी ठेवली.

रेवाबाई सदुसष्ट सालच्या उन्हाळ्यात गेली. डोंगरात निरोप पोचायच्या आत माती देऊन झाली होती. पुढच्या प्रभुभोजनाला मास्तर वही घेऊन दाराशी उभे राहिले. स्वतःचं नाव वाचलं, हजर म्हणाले. रेवाचं नाव वहीत होतं, ते त्यांनी डोळ्यांनीच वाचलं. मग सवयीनं तोंडातून निघून गेलं, “रमी.”

उत्तर द्यायला आता कुणी उरलंच नव्हतं. मास्तर वहीचा कोपरा घट्ट धरून उभे होते, आणि पुढचं नाव काही दिसेना.

“हजर,” पुढच्या चटईवरून कुणीतरी म्हणालं. आवाज म्हातारा आणि खरखरीत होता. मास्तरांनी मान वर केली. दलसिंग पाठमोरा बसला होता, मान खाली घालून, बोटानं चटईची काडी उचकत. त्यानं मागं वळून बघितलं नाही.

मास्तरांनी डोळे पुसले आणि पुढच्या घराची नावं वाचायला घेतली.