साधं टपाल

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाच्या वर्षांत, नाताळच्या आधीच्या रविवारी, परभणीतल्या एका लहान चर्चमध्ये उपदेश चालू असताना आमच्या शेजारचे मामा उभे राहिले आणि त्यांनी पाहुण्या उपदेशकांना थांबवले. मामांनी सगळी नोकरी टपाल खात्यात पत्रे वेगळी करण्यात घालवली होती. पिशवी उलटी करून झटकल्याशिवाय ती रिकामी समजायची नाही, हा तिथला नियम त्यांच्याइतका जिल्ह्यात कोणी पाळला नसेल. निवृत्तीनंतर ते तो घरी पाळू लागले. बाजाराची पिशवी, उशीचा अभ्रा, धुवायला टाकलेल्या सदऱ्याचे खिसे, सगळे उलटे होई. एकदा त्यांनी आमच्या ओसरीवर साखरेचे पोते उलटे करून झटकले. मुंग्या आठवडाभर गेल्या नाहीत. "शिवणीत एखादं पत्र अडकलेलं असतंय," एवढाच त्यांचा खुलासा.

मामी ताडकळसच्या बौद्ध घरातल्या. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नव्हता. शनिवारी चर्च झाडत, रविवारी बायकांच्या बाजूला शेवटच्या चटईवर बसत आणि जयंतीला पांढरी साडी नेसून मिरवणुकीत पुढे चालत. मामांनी त्यांना कधी अडवले नाही.

आदल्या रविवारी या उपदेशकांनी कापडी तक्ता टांगून सांगितले होते, की शेवटच्या काळी कपाळावर देवाचा शिक्का असलेले एक लाख चव्वेचाळीस हजार, तेवढेच तारलेले. मामांनी घरी येऊन ताट सरकवले. मी विचारले तर म्हणाले, "हिचं नाव त्यात न्हाई. मग मी तिकडं जाऊन काय करू?" आतून मामी म्हणाल्या, "आदी जेवा. उपाशी माणसाला तिकडं बी कोण घेणार हाय?" मामा आठवडाभर बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला, प्रकटीकरणाचा, तोच अध्याय वाचत होते.

त्या रविवारी उपदेशक पुन्हा आकड्यावर आले आणि मामा उठले.

"साहेब, तुमी पिशवी उलटी केली न्हाई."

"मामा, बसा."

"आठव्या ओळीवर थांबलात. नववी शिवणीत अडकलीय."

"नंतर बोलू आपण."

मागून मामींचा आवाज आला, "बोलू द्या की! आठ दिस झालं, धड जेवायले न्हाईत!"

लोक हसले. मामांनी पुस्तक उघडले आणि नववी ओळ खणखणीत आवाजात वाचली. आकड्यानंतर, ज्याला हे सारे दिसले त्या योहानाला आणखी एक समुदाय दिसतो. सगळ्या राष्ट्रांतला, सगळ्या भाषांचा, पांढरे झगे घातलेला, कोणालाही मोजता न येणारा.

"रजिस्टरला नंबर असतोय," मामा म्हणाले. "साध्या टपालाला नसतोय. म्हणून ते पोचत न्हाई का? मी जनमभर पोचवलंय!" आणि त्यांनी पुस्तकावर शिक्का मारावा तशी मूठ आपटली.

पेडगावच्या एका म्हाताऱ्याने "आमेन" म्हटले, मग सगळ्यांनी. उपदेशकांनी आपले पुस्तक उघडले, ओळ दोनदा वाचली आणि तक्ता गुंडाळून ठेवला. गाणे सुरू झाले. मामी शेवटच्या चटईवरून उठल्या, मधली मोकळी जागा ओलांडून पुरुषांच्या बाजूला आल्या आणि मामांना म्हणाल्या, "सरका."

मामा सरकले.

नामांतर झाले त्या वर्षी मामा वारले. तोपर्यंत दर रविवारी मामी त्यांच्याशेजारी बसत होत्या. अंत्यविधीला त्या पांढरी साडी नेसून आल्या आणि पुढे चालल्या.