न खोकता दहा दिवस

आमच्याकडे थंडीत पाहुणे यायचे ते माझे आईवडील. असं सांगितलं की लोक हसतात, पण खरंच तसं होतं. बाबांची नोकरी पठाणकोटला. तिकडची थंडी माझ्या छातीला सोसेना म्हणून पाच वर्षांची असताना मला नागपूरला, आईच्या आईवडिलांकडे आणून ठेवलं. एका हिवाळ्यापुरतं, असं ठरलं होतं. तो हिवाळा चार वर्षं चालला. दर डिसेंबरात तिकडच्या शाळांना थंडीची सुट्टी लागली की आई, बाबा आणि माझा धाकटा भाऊ दोन रात्रींचा प्रवास करून उन्हाला यायचे. 'उन्हाला' हा आईचाच शब्द. मला भेटायला येतो म्हणायला तिला काय झालं होतं, कोण जाणे.

मी नऊ वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. आईचं आंतरदेशीय पत्र आलं आणि आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, चष्मा पुसून ते मोठ्यानं वाचलं. शेवटी माझ्यासाठी एक ओळ होती. यंदा खोकला नसेल तर तुला घेऊन जायचं बघू. मोठी माणसं 'बघू' कशाला म्हणतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी आपला सरळ अर्थ लावला. ते दहा दिवस राहणार. दहा दिवस खोकायचं नाही, बस. धंतोलीच्या डॉक्टरांनी खोकला बरा केला नव्हता ना, मग मी करून दाखवीन.

आठवड्यानं ती तिघं आली. स्टेशनवर उतरल्या उतरल्या बाबांनी कोट काढून हातावर घेतला आणि काय ऊन आहे म्हणून खूश झाले. आईनं माझ्या गालाला हात लावला आणि आजीला विचारलं, ही नीट जेवते का. अगं, मी समोर उभी आहे, मला विचार की! पण बोलले नाही. शहाण्यासारखं वागायचं ठरवलं होतं.

सकाळी सगळे गच्चीवर उन्हात बसायचे. कळमेश्वरकडच्या शेतातून आलेल्या तुरीच्या शेंगा आजी मीठ घालून उकडायची, टोपलीभर संत्री असायची. संत्र्यानं खोकला होतो म्हणून मला ती वर्ज्य. भाऊ माझ्यासमोर बसून फोडी चोखायचा, बिया मुद्दाम माझ्या दिशेनं थुंकायचा. मी कोमट पाणी प्यायचे आणि हसायचे.

खोकला यायचाच. घशात खवखव सुरू झाली की डोळ्यांत पाणी येईपर्यंत मी दम धरायचे, मग कुणाचं लक्ष नाही असं बघून मागच्या मोरीत जायचे. नळ पूर्ण सोडायचा, आबाजींचा पंचा तोंडात कोंबायचा आणि खोकून घ्यायचं. तोंड धुऊन परत वर. कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं.

दुपारी ती तिघं एका सतरंजीवर ओळीनं झोपायची. आई आणि भाऊ यांच्यामध्ये थोडी जागा असायची. मला त्या जागेत आडवं व्हायचं होतं. पण कुणी ये म्हटलं नाही, आणि पाहुण्यांच्या अंथरुणात आपण होऊन कसं शिरायचं? मी दारात बसून त्यांचे पाय बघायचे. फार एकटं वाटायचं. घर माझं, आजी-आबाजी माझे, तरी त्या दुपारी आपल्याच घरात कुठं बसावं ते मला समजत नसे.

सातव्या दिवशी जेवताना भावानं माती केली. भरिताचा घास तोंडात ठेवूनच म्हणाला, "ताई मोरीत तोंडात कापड कोंबून खोकते." बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं मला आणखी भरीत वाढलं. मी म्हटलं खोटारडा आहे तो, आणि त्याच्या मांडीला असा चिमटा घेतला की त्यानं घर डोक्यावर घेतलं. मग आई माझ्यावर ओरडली. त्या सगळ्या मुक्कामात पहिल्यांदा ओरडली, आणि खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं. पाहुणीनं नाही, आईनं ओरडावं तशी ओरडली होती.

त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही. न्यायचं नाही असंही कुणी म्हटलं नाही. नाही म्हटलं नाही म्हणजे हो, असं मी धरून चालले. निघायच्या आदल्या दिवशी कापडी पिशवीत दोन फ्रॉक आणि शाळेचं प्रगतिपुस्तक भरलं. ट्रंकेवर तिकिटं पडली होती, ती उचलून पाहिली. दोन पूर्ण आणि एक अर्धं. माझं स्टेशनवर काढतील, मी स्वतःला सांगितलं. बाबांना तिथं सगळे ओळखत असणार.

गावाला निघालेल्या माणसाच्या तळहातावर दही ठेवल्याशिवाय आजी त्याला उंबरा ओलांडू देत नसे. जाणाऱ्यांनी देवासमोर ओळीनं उभं राहायचं आणि उजवा हात पुढे करायचा. सकाळी बाबा, आई आणि भाऊ तसे उभे राहिले. मी पिशवी खांद्याला अडकवली, भावाच्या पलीकडे जाऊन उभी राहिले आणि हात पुढे केला.

आजी दह्याची वाटी घेऊन आली आणि माझी पिशवी बघून थांबली.

"तू कुठी चालली वं?"

ती रागावली नव्हती, चेष्टाही करत नव्हती. तिला खरंच कुणी काही सांगितलं नव्हतं. मी आईकडे पाहिलं. ती भावाच्या कानटोपीची गाठ सोडून पुन्हा बांधत होती. बाबा घड्याळ बघत होते. आता कुणीतरी बोलेल म्हणून मी हात तसाच धरून ठेवला. बाहेर रिक्षावाल्यानं घंटी वाजवली.

"कुठीच नाही," मी म्हटलं.

पिशवी खाली ठेवली आणि आजीच्या हातातून वाटी घेतली. बाबांना दही दिलं, भावाला दिलं. आईच्या हातावर ठेवायला गेले तर ती माझ्याकडे बघेना. "या पुढच्या थंडीत," मी तिला म्हटलं, आजी पाहुण्यांना म्हणते तसं.