दुरोरिके लाथेची वाट बघते

ओशोग्बो शहरात पोट दिसायला लागलेली बाई अंगावरच्या कपड्याला सेफ्टी पिन टोचल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. भर दुपारच्या उन्हात जे काही हिंडत असतं ते पोटातलं मूल बदलून टाकतं आणि पिनेला बिचकतं, असं सगळ्यांचं म्हणणं. दुरोरिके फोटोवाली म्हणायची, माझा नाही बाई असल्या गोष्टींवर विश्वास. पण तिच्या खणात शिंप्याला पुरतील एवढ्या पिना होत्या, आणि फोटोचा झगा चढवला की प्रत्येकीची पिन ती स्वतःच्या हाताने आतल्या चुणीत लावून द्यायची.

तिची खरी भीती वेगळीच होती. पन्नाशीला टेकली तरी तिला मूल नव्हतं. नवऱ्याने काही वर्षं वाट पाहिली, मग दुसरीकडे संसार थाटला. मूल नसलेल्या बाईसमोर पोट उघडं टाकून बसायचं म्हणजे दार सताड उघडं ठेवून झोपण्यासारखं, असं बाजारातल्या बायका तिच्या माघारी म्हणायच्या आणि तरीही तिच्याकडेच यायच्या, कारण तिच्यासारखे फोटो पार पलीकडच्या इलेशा शहरापर्यंत कुणी काढत नव्हतं. मागे एका गिऱ्हाइकाचं बाळंतपण वाईट झालं तेव्हा घरच्यांनी येऊन स्टुडिओची काच फोडली होती. काच नवी बसली. पण तेव्हापासून बाई सुखरूप सुटल्याचा निरोप येईपर्यंत दुरोरिकेला धड झोप लागत नसे. एकीचा निरोप येईतो दुसरी दारात उभी असायची, म्हणजे झोप कधीच नाही.

बायका मोबाइलवर बघून ठरवून यायच्या. कुणाला पोटावर दोन्ही हातांचं बदाम करायचं असायचं, कुणाला नवरा गुडघ्यावर बसून पोटाचा मुका घेताना हवा असायचा, कुणाला पाठीमागे उडणारं लांबच लांब कापड. दुरोरिके हे सगळं तोंड वाकडं करतच काढून द्यायची. नवऱ्यांना तर ती चांगलीच झापायची. गुडघ्यावर बसायला सांगितलं की त्यांचे गुडघे दुखतात म्हणे, आणि बायको नऊ महिने ओझं वाहतेय तिचं काय? एवढं झालं की म्हणायची, हे झाले तुमच्या मैत्रिणींना दाखवायचे, आता माझा एक.

तिचा एक म्हणजे असा. बाईला खिडकीजवळच्या दिवाणावर डाव्या कुशीवर निजवायचं, डोक्याखाली उशी, एक तळवा पोटाखाली. थंडगार गोड माल्ट, बाटलीतलं बिनदारूचं पेय, प्यायला द्यायचं. मग कॅमेरा डोळ्याला लावून गप्प बसायचं. 'हसा' हा शब्द त्या दिवाणापाशी तिने कधी काढला नाही. गार गोड पोटात गेलं की थोड्या वेळाने पोर लाथ मारतं, आणि लाथ बसली की आईच्या तोंडावर जे उमटतं ते कुणाला मुद्दाम आणता येत नाही. तेवढ्याची ती वाट बघायची. त्या क्षणी तिला स्वतःलाही आतून काहीतरी हलल्यासारखं वाटायचं, पण हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही.

तिनुओला आली ती एकटीच, डोक्यावरून कापड ओढून. नववा लागलेला. नवरा लॉरी घेऊन दूर उत्तरेला कानोकडे गेला होता. सासू बाजारात पामतेल विकायची. तिला सगळे इया वासिऊ म्हणायचे, वासिऊची आई. तिचा हुकूम होता की पोर हातात येईपर्यंत फोटो नाही, अंगडं-टोपडं नाही, कुणापाशी वाच्यता नाही. कारण आधीची दोन गेली होती. एक पोटातच, दुसरं नाव ठेवायच्या दिवसाआधी. तिनुओलाने हे सगळं झगा बदलता बदलता सांगितलं. आधी कळलं असतं तर दुरोरिकेने हिला उंबरा ओलांडू दिला नसता. आता झगा अंगावर होता, हाकलायचं कोणत्या तोंडाने?

तिनुओलाला बदामबिदाम काही नको होतं. उडतं कापडही नको. तो कुशीवरचा काढा, म्हणाली, माझ्या नणंदेच्या मैत्रिणीचा पाहिलाय.

दुरोरिकेने तिला निजवलं, माल्ट दिलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला. बाहेर रिक्षांचे भोंगे वाजत होते. शेजारच्या दुकानात कुणीतरी भावावरून भांडत होतं. वेळ गेला. नेहमीपेक्षा जास्तच गेला. दुरोरिकेने आणखी एक बाटली उघडून दिली. तीही संपली.

"मारली," तिनुओला म्हणाली आणि हसली.

दुरोरिकेचं बोट बटणावर होतं, पण दाबलं गेलं नाही. कॅमेऱ्यातून तिने हजारो बायका पाहिल्या होत्या. लाथ बसली की बाईचा हात आपसूक तिथे जातो. हिचा हात होता तिथेच होता. हसू तेवढं ओठांवर आलं होतं आणि डोळे भिंतीकडे होते.

"पोरी, कुठे मारली? दाखव मला."

तिनुओलाने हात नुसताच पोटावरून फिरवला. कुठे थांबवावा हे तिला ठरवता येईना. दुरोरिकेला कळायचं ते कळलं. तिने कॅमेरा खाली ठेवला. शेवटची केव्हा मारली होती, तिने विचारलं. काल संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, असं तिनुओला भिंतीला सांगितल्यासारखं बोलली. दुरोरिकेला राग आला, आणि खरं तर तो राग नव्हता, भीतीच होती. कालपासून पोर हललं नाही आणि तू दवाखाना सोडून माझ्या दिवाणावर येऊन निजलीस? तुला काही अक्कल आहे का?

"तिथे गेले तर ते सांगतील, आंटी," तिनुओला म्हणाली. "इथे कुणी सांगत नाही. पहिल्या दोघांचं माझ्याकडे काहीसुद्धा नाही, एक चिंधी नाही. म्हटलं, ह्याच्याबरोबरचा एक तरी फोटो असू दे. काय व्हायचं ते होवो."

दुरोरिकेला पुढचं सगळं दिसलं. ही इथून बाहेर पडणार, काहीतरी वाईट होणार, आणि सगळा बाजार म्हणणार, वांझेच्या कॅमेऱ्यासमोर गेली होती. या वेळी नुसती काच फुटून भागायचं नाही. मनात आलंच तिच्या. गुपचूप झगा उतरवावा, हिला मागच्या दाराने घरी धाडावं, आलीच नव्हती म्हणावं. कुणी पाहिलं होतं हिला येताना? हा विचार पुरता करून झाला आणि मग तिला स्वतःचीच शिसारी आली. ती उठली आणि रिक्षावाल्याला हाक मारायला दाराकडे गेली.

दार उघडल्यावर नवीनच पंचाईत. सूर्य डोक्यावर आला होता. रस्त्यावर सावली म्हणून नव्हती. तिनुओला दिवाणाची कड धरून बसली ती हलेचना. या वेळेला बाहेर नाही, म्हणाली, हे ऊन उतरू दे. आतापर्यंत मरणाला तयार होऊन बसलेली बाई आता उन्हाला घाबरत होती. आणि बोलता बोलता तिचा हात झग्याच्या चुणीत गेला, तिथे काही सापडलं नाही, आणि तिचा चेहराच उतरला. तिची पिन तिच्या स्वतःच्या कपड्याला होती, आत खुंटीवर. आज गडबडीत दुरोरिके लावायची विसरली होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

दुरोरिकेने खण ओढून सगळ्या पिना जमिनीवर ओतल्या. मुठीत येतील तेवढ्या घेऊन तिने त्या तिनुओलाच्या झग्याला गळ्यापाशी, बाहीला, पोटावर, जागा मिळेल तिथे टोचल्या. बोटाला टोचून रक्त आलं ते तिने स्वतःच्या कपड्याला पुसलं. तोंडाने ती शिव्या देत होती, उन्हाला, उन्हातल्या त्या कुणाला, त्याच्या सात पिढ्यांना.

"आता तुझ्याजवळ येणाराच रक्तबंबाळ होईल. ऊठ."

"आधी फोटो," तिनुओला म्हणाली. "एक काढा, मग येते. आईची शपथ."

दुरोरिकेने काढला. हात इतका हलला की तो नीट येणार नाही हे तिला काढतानाच कळलं. तिने छान आला म्हणून सांगितलं. मग पार्श्वभूमीला लावायचं निळं, बांधून रंगवलेलं आदिरे कापड ओढून काढलं, दोघींच्या डोक्यावर धरलं आणि रिक्षात चढली. वाटभर तिनुओला डोळे मिटून होती आणि दुरोरिके तिच्या पोटावर तळवा ठेवून होती. इतकी पोटं तिने पाहिली, हात कुणाच्याच पोटाला लावला नव्हता. लावायची हिंमतच झाली नव्हती. आता हाताखाली काही हलत नव्हतं. खड्ड्यातून रिक्षा गेली की तिला वाटायचं, हललं, पण ते रिक्षाचंच असायचं.

दवाखान्यात नर्सने आधी इतक्या पिना बघून कपाळाला हात लावला. मग तिने पोटाला नळी लावून ऐकलं. नळी सरकवून पुन्हा ऐकलं. दुरोरिकेला तिच्या तोंडाकडे बघवेना. मग नर्स एकदम उठली आणि डॉक्टरला हाक मारत पळाली. ठोके आहेत, पण मंद आहेत, आत्ताच्या आत्ता पोट उघडावं लागेल, घरचं कोण आहे? घरचं कुणीच नव्हतं. तिनुओलाने नंबर सांगितला आणि तिला आत नेलं. इया वासिऊला फोन करायचं दुरोरिकेच्या वाट्याला आलं.

तिने खोटं सांगायचं ठरवलं होतं, पण जिभेवर खरंच आलं. तुमची सून माझ्याकडे फोटोला आली होती, मा.  फोन बंद झाला.

इया वासिऊ आली ती तेलाने माखलेल्या हातांनीच. आडव्या अंगाची बाई, तिच्यामागे बाजारातल्या आणखी दोघी-तिघी. दुरोरिके भिंतीला टेकून उभी राहिली. पळावं असं तिच्या मनात आलं, पण बंद दारामागे काय चाललंय ते कळल्याशिवाय तिचे पाय निघेनात.

"तू पोट उघडं ठेवून फोटो काढलास तिचा?"

"काढला, मा."

"माझ्या घरात ह्यापुढे काही झालं तर..." सासूला वाक्य पुरं करवलं नाही. ती समोरच्या बाकावर मटकन बसली. बाकीच्या बायका दुरोरिकेकडे बघत राहिल्या. त्यांच्यातली एक पुटपुटली, वांझ बाईचा डोळा. ती मुद्दामच ऐकू जाईल इतक्या आवाजात पुटपुटली होती. दुरोरिकेने मान खाली घातली. तिलाही क्षणभर वाटलं की यांचं खरं असेल. वर्षानुवर्षं परक्यांच्या लाथांची वाट बघणाऱ्या बाईच्या मनात हेवा नव्हता हे कोण सांगणार? तिलाच सांगता येईना. ती मनातल्या मनात त्या पोराला एवढंच म्हणत राहिली, रड रे, रड.

आतून पहिल्यांदा आला तो भांडी आदळल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. मग मांजराच्या पिलासारखं बारीक, चिडलेलं रडणं.

नर्स बाहेर आली, कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. मुलगी आहे, आई बरी आहे, एकदा बघून घ्या, लगेच काचेच्या पेटीत ठेवायचीय. सगळ्या बायका पुढे झुकल्या. पोर लालबुंद होतं, नाक सरळ, भरपूर जावळ, डोळे इकडेतिकडे लुकलुकत होते. एवढं गोड पोर की कुणाचं भान हरपावं. इया वासिऊने ते पाहिलं.

"शी," ती मोठ्याने म्हणाली, भिंतींना, छताला, ऐकत असेल त्या सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. "काय हे माकड जन्माला आलंय. उकिरड्यावर नेऊन टाका. कोण नेणार असलं?" आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. दोन गेल्यावर आलेल्याला असंच बोलायचं असतं, म्हणजे न्यायला आलेल्याला मोह पडत नाही. बाजारवाल्या बायकाही ओळीने तोंडं वाकडी करायला लागल्या. बेडूक. जळकं वांगं. बकरीसुद्धा हुंगायची नाही.

मग इया वासिऊ भिंतीकडे वळली. "ए फोटोवाली, इकडे ये. तू एवढी पोरं बघतेस. बघ नीट. आवडते का तुला?"

दुरोरिके जवळ गेली. त्या पोरीने तिच्याकडे बघून जांभई दिली आणि कापडाच्या आत पाय झाडले.  जन्मभरात दुरोरिकेने यापेक्षा सुंदर काही पाहिलं नव्हतं, आणि ते ओठांवर येऊ द्यायचं नव्हतं.

"छे," ती म्हणाली. "असल्या तोंडावर मी कॅमेरा उघडायची नाही, कुणी पाय धरले तरी."

इया वासिऊने तेलकट हाताने तिचं मनगट घट्ट धरलं, आणि नर्स पोरीला आत घेऊन जाईपर्यंत सोडलं नाही.